मुंगीची शिडी

६ फेब्रुवारी

ती गेली त्याला आज दोन आठवडे झाले. न्युमोनिया. सहा दिवस दवाखान्यात होती, सातव्या दिवशी सकाळी गेली. मुलगी काल तिच्या घरी परतली. निघताना ही वही दिली आणि म्हणाली, "बाबा, रोज दोन ओळी तरी लिहा. बोलणार तर तुम्ही नाहीच."

छत्तीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले. कामाची वही रोज लिहायचो, पण तिच्यात हवामान आणि किती नकाशे पुरे झाले एवढंच असायचं. तसंच लिहितो. हवामान कोरडं. नकाशे नाहीत.

संध्याकाळी पाच वाजता तिचा टॅब वाजला. मी तो उशाकडच्या कपाटावरून अजून उचलला नव्हता. पडद्यावर निरोप होता. "मुंगीताई, तीन आठवडे झाले. बऱ्या आहात ना? महिनाभर फेरी झाली नाही तर नाव आपोआप उडतं, तुम्हाला माहीतच आहे. – घड्याळजी."

ती रोज दुपारी खिडकीपाशी बसून गोल्फचा खेळ खेळायची, एवढं मला ठाऊक होतं. मुंगी कोण ते आज कळलं.

७ फेब्रुवारी

खेळ उघडून पाहिला. 'वाळूतले' नावाचा संघ आहे. दहा जणांची यादी, त्यात तिसऱ्या क्रमांकावर 'मुंगी'. पुढे 'अनुपस्थित, २१ दिवस'.

गेल्या आठवड्यात मी चार कचेऱ्यांत जाऊन तिचं नाव कमी करून आलो. प्रत्येक ठिकाणी अर्ज, दाखला, माझी सही. प्रत्येक कारकुनाने पट्टी धरून रेघ मारली. एकाची रेघ तिरकी गेली तेव्हा मी त्याला दुसरा कागद घ्यायला लावला. पाचव्या ठिकाणी नाव कमी होऊ द्यायचं नाही, एवढं आज ठरवलं. खेळायला शिकलं पाहिजे. नऊ दिवस आहेत.

१० फेब्रुवारी

खेळ वाटला तितका पोरकट नाही. चेंडूवर बोट ठेवून खाली ओढायचं. जितकं ओढाल तितका जोर. ओढ संपते तिथे बोट टेकलं की पूर्ण फटका. त्याहून कमी हवा असेल तर बोट मधेच, नेमक्या जागी धरून ठेवायचं आणि चेंडूवर डावी-उजवीकडे झुलणारी सुई मधोमध आली की सोडायचं. लहान मुलांना किंवा घाईच्या माणसांना ते जमणार नाही. मला जमलं. तिसऱ्या दिवशीच साठ टक्के म्हणजे साठ टक्के धरता यायला लागलं.

हाताचा स्थिरपणा ही एकच गोष्ट मला जन्मतः मिळाली. कचेरीत नवा मुलगा आला आणि त्याची रेघ थरथरली की मी कागद फाडून त्याच्या पुढ्यात ठेवायचो. घरी येऊन तिला सांगायचो, आज आणखी एकाचा फाडला. ती ऐकून घ्यायची.

भोकाभोवतीच्या हिरवळीवर पोचल्यावर बोट धरावं लागत नाही, तिथे नुसता आकडा निवडायचा. तो भाग सोपा आहे.

१२ फेब्रुवारी

आज तिची पिशवी नीट पाहिली. चौदा काठ्या घेता येतात. त्यात जवळच्या फटक्यांच्या काठ्यांना वेज म्हणतात. त्यांचं तोंड तिरकं असतं, त्यामुळे चेंडू वर जातो आणि जवळ पडतो. जितके अंश जास्त तितका चेंडू जवळ. लोक तीन ठेवतात, फार तर चार. हिने पाच ठेवल्या आहेत: ४६, ५०, ५४, ५८ आणि ६२ अंश. त्यांच्यासाठी लांबच्या दोन काठ्या काढून टाकल्या आहेत, त्यामुळे लांबच्या होलवर ती हिरवळीपर्यंत दोन फटक्यांत कधीच पोचत नसणार.

पाच कशाला? ४६, ५४ आणि ६२ पुरे. मधली अंतरं हाताने भरायची असतात, कौशल्य म्हणतात ते तेच. बाजारात गेली तरी ती अशीच करायची, एकाच कामाच्या चार वस्तू घेऊन यायची.

मला तिचं हसू आलं. मग टॅब मिटून ठेवला.

१३ फेब्रुवारी

५० आणि ५८ मोडीत काढल्या. खेळात तसं बटण आहे. त्या बदल्यात लांब पल्ल्याच्या दोन चांगल्या काठ्या मिळाल्या. पिशवी आता हिशोबात बसते.

१५ फेब्रुवारी

पहिली खरी फेरी खेळलो. नऊ होल, एकोणचाळीस फटके. नाव राहिलं. 'अनुपस्थित' जाऊन 'आज' असं आलं.

लगेच निरोप सुरू झाले.

"आल्या आमच्या मुंगीताई." हे डंपर. ट्रक चालवतो म्हणे, आणि खेळात कुणाहीपेक्षा लांब मारतो.

"प्रकृती कशी आहे?" ह्या प्राचार्यबाई.

'खेळते आहे' असं लिहायला घेतलं आणि बोट थांबलं. खोडून 'बरं आहे' लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं, खरंही नव्हतं.

मग घड्याळजींचा निरोप आला. "सहाव्या होलवर ५४ ने अर्धा फटका मारलात."

मी लिहिलं, "हो."

बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग त्यांचाच निरोप आला. "छान बसला."

मला बरं वाटलं. मोठ्या माणसाला फटका कळला.

१९ फेब्रुवारी

रोज एक फेरी. संघातली माणसं फार सभ्य आहेत. मी थोडकं लिहितो, कुणी कारण विचारत नाही. तिच्याशी हे एवढ्या गप्पा मारायचे का, हे जुने निरोप वर सरकवून पाहता आलं असतं. पाहिले नाहीत. ते तिचे आहेत.

साखळी सामने सुरू आहेत. शेवटचे दोन संघ खालच्या वर्गात जातात. 'वाळूतले' खालून तिसरे आहेत. एक जरी घसरलो तरी खाली. खाली गेलं की संघ मोडतो, असं डंपर म्हणतो. चांगले खेळणारे दुसरीकडे निघून जातात. यादी मोडली तर यादीतलं नाव कुठे राहणार?

२३ फेब्रुवारी

मुलीचा फोन. जेवलात का, झोपलात का. मी म्हटलं, गोल्फ खेळतो आहे.  ती म्हणाली, "आईच्या टॅबवर?"

"हो."

"बोट धरून ठेवायला जमतं का तुम्हाला?"

"म्हणजे काय? मला नाही जमणार तर कोणाला?"

"तेच," ती म्हणाली. "आई म्हणायचीच."

काय म्हणायची ते विचारायला हवं होतं. चहा उतू जात होता म्हणून फोन ठेवला. मी आता पूर्ण कप भरून घेतो. ती नेहमी अर्धाच कप द्यायची आणि मागितला की पुन्हा अर्धा. शेवटची दोन वर्षं हेच. मी म्हणायचो, "चहा काय रेशनवर मिळतो का?" ती म्हणायची, "गरम गरम दोनदा मिळतो, तक्रार कसली करता."

२८ फेब्रुवारी

हरलो, आणि माझ्यामुळे हरलो.

शेवटचा होल. हिरवळ बासष्ट मीटरवर. ६२ अंशाची काठी अठ्ठेचाळीस मीटरच जाते, ५४ ची सत्त्याहत्तर. म्हणून ५४ घेऊन बोट मधे धरलं. धरलंही बरोबर. पण वारा फिरला, सुई वेगात आली आणि मी केसभर उशिरा सोडलं. चेंडू हिरवळीवरून पलीकडच्या वाळूत. तिथून तीन फटके. संघ दोन फटक्यांनी गेला. आता खालून दुसरे.

डंपरने लिहिलं, "वाळूतले ते शेवटी वाळूतच. चालायचंच, मुंगीताई."

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. तिच्या नावापुढे आज जो आकडा आहे तो तिचा नाही, माझा आहे.

२ मार्च

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. दोन वर्षं मी तो पाहतो आहे आणि विणकामाच्या टाक्यांचे आकडे समजतो आहे. आज साखर काढताना वाचला.

१०५, ९०, ७६, ६२, ४८. खाली ३०, २४, १८, १३, ९.

अक्षर मोठं आणि वेडंवाकडं. टेलिफोन कचेरीत नोकरीला असताना तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. घाईत लिहिलं असेल.

६२ आणि ४८ हे आकडे मी परवाच डोक्यात घोळवले होते. साखर तशीच ठेवून टॅब घेऊन बसलो.

३ मार्च

आलेखाचा कागद काढून मांडणी केली. वरचे पाच आकडे म्हणजे पाच वेजचे पूर्ण फटके. खालचे पाच म्हणजे त्याच काठ्यांचे हिरवळीशेजारचे आखूड फटके, तेही पूर्ण ओढीचे; खेळात आखूड फटक्याचं वेगळं बटण आहे. पाच काठ्यांत दहा अंतरं. वरच्या अंतरांमध्ये चौदा-पंधरा मीटरचा फरक, खाली पाच-सहाचा, अगदी जवळ चारचा. हिरवळीजवळ जाऊ तशा पायऱ्या आखूड. जिना असा बांधतात. मला कुणी काम दिलं असतं तरी मी असाच काढला असता, पण मला कुणी दिलं नव्हतं आणि सुचलंही नव्हतं.

मग तिचे जुने सामने लावून पाहिले, खेळात ते साठवलेले असतात. एकशे सत्तर मीटर बाकी असले तर ती पुढे जाईल तितकं जात नाही. ऐंशी जाते, म्हणजे नव्वद उरतात. तीनशे उरले तर आधी दोनशे दहा. प्रत्येक वेळी आपल्या पायरीवर जाऊन उभी राहते आणि तिथून बोट शेवटपर्यंत ओढते. सत्तेचाळीस सामने पाहिले. अर्धा फटका एकही नाही.

लांबच्या काठ्या तिला लागतच नव्हत्या. ज्या दोन मी मोडीत काढल्या त्या ह्या जिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या पायऱ्या होत्या. बासष्ट मीटर म्हणजे ५८ अंश, पूर्ण फटका. त्या दिवशी तेवढंच हवं होतं.

दुसऱ्याच्या नकाशात न विचारता हात घालणारा माणूस मी कचेरीत उभा केला नसता.

४ मार्च

मोडीत काढलेली काठी परत मिळवायची तर तिच्या पत्त्या, म्हणजे काठी बनवायला जमवावी लागणारी कार्डं, खेळातल्या बाजारात सहसा येत नाहीत, पण संघातले लोक आपल्याजवळच्या देऊ शकतात. एका काठीला तीस पत्त्या. लिहायला तासभर लागला. "५० आणि ५८ चुकून गेल्या. परत हव्या आहेत. कुणाकडे असतील तर."

दुपारचे तीन वाजले होते. चार वाजेपर्यंत साठही आल्या. डंपरने आपली स्वतःची ५८ मोडून पाठवली.

मी लिहिलं, "तुम्हाला लागेल ना?"

त्याने लिहिलं, "मला कशाला? मी हिरवळीजवळ पोचतोच कुठे, पलीकडच्या गावात पडतो."

७ मार्च

पाच काठ्या घेऊन तिच्या पद्धतीने दोन सामने खेळलो. दोन्ही जिंकले. मोह फार होतो. अडुसष्ट मीटर उरले की बोट आपोआप मधे थांबू बघतं. माझ्या हाताला आपण काय करू शकतो हे दाखवायचं असतं. त्याला म्हणतो, गप्प बस, ठरल्याप्रमाणे चाल.

ह्या माणसांशी आता खोटं वागवत नाही.

८ मार्च

सांगितलं. असं लिहिलं: "मी मुंगी नाही. तिचा नवरा. ती तेवीस जानेवारीला गेली. नाव यादीतून जाऊ नये म्हणून मी खेळत होतो. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. काढून टाकायचं असेल तर काढा."

टॅब पालथा ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा घड्याळजींचा आवाजातला निरोप होता. म्हातारा, जरा घोगरा आवाज. चार वेळा ऐकून जसाच्या तसा उतरवतो आहे.

"साहेब, आम्हाला पंधरा फेब्रुवारीलाच कळलं हो. सहाव्या होलवर. मुंगीताई अर्धा फटका मारायच्याच नाहीत, मारू शकायच्याच नाहीत. हात थरथरायचा ना त्यांचा. माझाही थरथरतो, म्हणून तर दुकान बंद केलं. स्क्रू पकडता येईना, तर घड्याळ काय उघडणार. मी हा खेळ सोडायला निघालो होतो. त्या म्हणाल्या, थांबा, मधे धरायचंच कशाला, शेवटपर्यंतच ओढायचं, काठ्या तेवढ्या नीट निवडू. चार महिने खपून त्यांनी ती पाच वेजची शिडी बसवली. आम्ही तिला मुंगीची शिडी म्हणतो. आता आमच्याच संघात चौघं तिच्यावर खेळतात, दुसऱ्या संघांत किती असतील देव जाणे. तर त्या दिवशी असा नेमका अर्धा फटका बघितला आणि मी प्राचार्यबाईंना म्हटलं, हा त्यांच्या मिस्टरांचा हात. त्या सारख्या सांगायच्या, आमच्या ह्यांचा हात म्हणजे दगडावरची रेघ. मग मुंगीताई का नाहीत, ते आम्ही समजलो. तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल म्हणून गप्प राहिलो. नाव कोण काढतंय? वीस तारखेला शेवटचा सामना आहे. पाच वाजता. उशीर करू नका."

९ मार्च

अर्धा कप. सुईत दोरा ओवायला मला हाक मारणं. बँकेच्या कागदावर "तुम्हीच करा सही, माझी आता जुळत नाही." शिवणयंत्र विकून टाकणं. कपाटाच्या दारावरचं अक्षर.

मुलीला फोन केला. तिला माहीत होतं. डॉक्टरकडे तीच घेऊन जायची.

"मला का नाही सांगितलं?"

"आईने शपथ घातली होती."

"पण का? मी काय केलं असतं?"

 ती म्हणाली, "काही केलं नसतं, बाबा. तुम्ही काही वाईट केलं नसतं. तिला तुमच्यासमोर रेघ सरळ ठेवायची होती, एवढंच."

मला हे नीट कळलेलं नाही. लिहून ठेवतो.

२० मार्च

सामना. समोरचा संघ मजबूत. हरलो असतो तर खाली. प्रत्येकी नऊ होल, सगळ्यांची बेरीज. माझी पाळी शेवटची होती आणि शेवटच्या होलवर आलो तेव्हा आम्ही बरोबरीत होतो. त्यांच्या शेवटच्या माणसाने तो होल पाच फटक्यांत संपवला होता, जिंकायला मला चार फटक्यांत संपवणं भाग होतं.

पहिला फटका चांगला गेला. दोनशे बारा मीटर उरले. तिथून लांबची काठी घेतली असती तर हिरवळीच्या तोंडाशी पोचता आलं असतं आणि मला ते जमलंही असतं. डंपर लिहीत होता, "मारा, साहेब, मारा." घड्याळजी काही लिहीत नव्हते.

मी दीडशेच गेलो. बासष्ट उरले.

५८ घेतली. डंपरने मोडून दिलेली. बोट चेंडूवर ठेवलं आणि ओढत शेवटपर्यंत नेलं, जिथे आणखी ओढायला जागा नसते. त्या टोकाला बोट टेकलं की कुणाचा हात कसा आहे ते खेळाला कळत नाही. सुई मधोमध आली, सोडलं.

चेंडू भोकापासून दीड मीटरवर पडला आणि तिथेच बसला. पुढचा एक आकडा निवडायचा होता. चौथ्या फटक्यात संपवलं.

एका फटक्याने जिंकलो. खालून चौथे. संघ वरच राहिला.

पडद्यावर आलं, 'निर्णायक फटका: मुंगी'. मी तो पडदा मिटवला नाही. चहा करून घेतला आणि समोर ठेवून पीत बसलो. प्राचार्यबाईंनी लिहिलं, "आज त्यांनी पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, शेवटी सांगितलेलं ऐकलंत." डंपरने लिहिलं, "आणि मी सांगितलेलं ऐकलं नाहीत. बरं केलंत."

आज मी खूश आहे. असं ह्या वहीत पहिल्यांदाच लिहितो आहे.

२५ मार्च

पाच दिवस एकच काम केलं. फळ्यावर चांगला कागद ताणला, जुनी पेनं उकळत्या पाण्यात धुतली आणि शिडीचा नकाशा काढला. डावीकडे पाच काठ्या, त्यांचे अंश. उजवीकडे दहा पायऱ्या, मापात. खाली कसं वापरायचं ते चार ओळींत. ज्याचा हात थरथरतो त्याला लांबून वाचता यावं म्हणून अक्षर मोठं ठेवलं.

खालच्या उजव्या कोपऱ्यात नेहमीची चौकट. छत्तीस वर्षांत अशा हजारो चौकटी केल्या. तिच्यात तीन ओळी असतात, रचना, रेखाटन आणि तपासणी. रचनेच्या ओळीत नेहमी कुणा इंजिनिअरचं नाव. माझं रेखाटनात.

रचनेपुढे तिचं पूर्ण नाव लिहिलं, लग्नाआधीचंही कंसात. खाली रेखाटनात माझं. तिच्या हाताखाली काम केल्यासारखं वाटलं, आणि कुणाही इंजिनिअरपेक्षा ते मला जास्त मानाचं वाटलं. तपासणीची जागा मोकळी ठेवून फोटो घड्याळजींना पाठवला. विचारलं, "तपासून द्याल का?"

२६ मार्च

घड्याळजींचा निरोप, पुन्हा आवाजातला.

"नकाशा पाहिला, साहेब. दुकानात लावायला हवा होता, पण दुकान नाही, म्हणून देवघराशेजारी लावतो. तपासला. एक चूक आहे. ५४ पुढे ७६ लिहिलंय तुम्ही. कागदावर त्यांनीही ७६ च लिहिलं असणार. पण गेल्या दिवाळी– नाही, गेल्या खेपेच्या साखळीत त्यांनी ती काठी खेळात एक दर्जा वाढवून घेतली होती. आता ती ७७ जाते. कागद बदलायचा राहिला असेल. तेवढं करा आणि माझं नाव घाला."

टॅबवर जाऊन खात्री केली. ७७.

पात्याने सहा खरवडून काढला आणि सात घातला. शाई किंचित पसरली, अंगठ्याच्या नखाएवढा डाग पडला. फळ्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. कचेरीत असा कागद मी कुणाचाही ठेवला नसता.

तपासणीच्या ओळीत घड्याळजींचं नाव घातलं आणि तोच कागद सगळ्यांना पाठवला.